चूलबंद आवतण

माझं लग्न ठरलं त्या दिवशी अप्पांनी माझ्याकडं एकच गोष्ट मागितली. सुपारी फुटली होती, पाहुणे इस्लापूरच्या वाटेला लागले होते आणि माय चहाचे कप गोळा करत होती. अप्पा उंबऱ्यावर बसून पानाला चुना लावत होते. माझ्याकडं न बघता म्हणाले, "बाई, बाकीचं तुझ्या मनानं कर. डीजे नगं म्हणतीस, नगं. हॉल नगं म्हणतीस, लई चांगलं, मला बी त्या हॉलात कोंडल्यावानी होतंय. पर आवतण मात्र चूलबंद द्यायचं. तेवढं माझं."

आमच्या गावात, म्हणजे अहमदपूरपासून एसटीनं थोडं आत, आवतणाचे प्रकार असतात. घरटी एक म्हटलं की घरातून एकानंच जेवायला यायचं. पावण्यासगट म्हटलं की घरी पाहुणा आलेला असेल तर त्यालाही आणायचं. आणि चूलबंद म्हणजे त्या दिवशी कुणाच्याच घरी चूल पेटवायची नाही. लेकरंबाळं, म्हातारीकोतारी, गडीमाणसं, सगळं गाव मांडवात जेवणार. हे आवतण देणाऱ्याची मान गावात वर्षानुवर्षं ताठ राहते.

अप्पांची मान या बाबतीत जरा वाकलेली होती. त्यांच्या स्वतःच्या लग्नात आजोबांनी घरटी एक आवतण दिलं होतं. पाऊस नव्हता, घरात जेमतेम धान्य होतं, दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. पण गाव कारण विसरतं आणि गोष्ट लक्षात ठेवतं. भावकीतले एक चुलत आजोबा तर अजून, पारावर चार माणसं दिसली की सुरू होतात, "ह्याच्या लग्नात मी बुंदी खाल्ली आन माझी बायकू घरी पिठलं खात बसली. त्या पिठल्याचं मला अजून ऐकून घ्यावं लागतंय." सगळे हसतात. अप्पाही हसतात, पण अर्धंच.

त्यात मला शिकवायचं ठरलं तेव्हाही हेच चुलत आजोबा पुढं होते. "पोरीला नांदेडला ठिवून काय कलेक्टर करायलास का?" मी कलेक्टर झाले नाही. मी बी.एस्सी. झाले, आमच्या सगळ्या खानदानात कॉलेजची पदवी घेतलेली पहिली मीच. नांदेडला पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागले. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते, आणि सांगताना लाजत नाही. अप्पांना मात्र ते सांगता येत नाही. त्यांना ते जेवणातून सांगायचं होतं. माझ्या पोरीचं लग्न, आणि गावात एकही चूल पेटलेली नाही, एवढंच त्यांना बघायचं होतं.

आता आमचं म्हणणं. आमचं म्हणजे माझं आणि ज्याच्याशी लग्न ठरलं त्याचं. तो सौर पंप बसवायचं काम करतो. इस्लापूरजवळच्या गावचा, शिकायला नांदेडला आलेला. विष्णुपुरीच्या धरणाजवळ कणीस खात आम्ही आमच्या लग्नाचा सगळा बेत ठरवला. आमच्या ऑफिसातल्या बायका त्याला 'पर्यावरणपूरक विवाह' म्हणायच्या. हे शब्द ऐकले की मला चौथीचा निबंध आठवतो. आमचं साधं होतं. मी मायचा शालू नेसणार. टोप्या-टॉवेलचा आहेर बंद, कारण ते टॉवेल अंग पुसत नाहीत, नुसते या लग्नातून त्या लग्नात फिरत राहतात. अक्षतांना तांदूळ नको, झेंडूच्या पाकळ्या चालतील. फ्लेक्स नको. यावर माझ्या धाकट्या भावाचे दोस्त दोन आठवडे माझ्याशी बोलले नाहीत, कारण शुभेच्छुक म्हणून त्यांचे काळे चष्मे घातलेले फोटो तयार होते.

आणि सगळ्यात मोठं म्हणजे, प्लॅस्टिकची किंवा थर्माकोलची एकही पत्रावळ गावात येणार नाही.

हे मी पुस्तकात वाचून म्हणत नव्हते. मी कॉलेजात असताना गावात एक मोठं लग्न झालं. पत्रावळ्या, द्रोण, पाण्याचे ग्लास, सगळं उष्ट्यासकट ओढ्याच्या कडेला फेकलं. आमची तांबडी गाय तिथं भाताच्या वासानं गेली. पुढं ती चारा खाईना, पोट फुगून ढोल झालं. डॉक्टरनं कूस फाडून आतून जे काढलं ते बघून अप्पा गोठ्याबाहेर जाऊन बसले. गाय वाचली. अजून दारात आहे, कुशीवर शिवणीची लांब रेघ घेऊन. त्यामुळं घरात या विषयावर वाद सुरू झाला की मी काही बोलायचे नाही, नुसती गायीकडं बघायचे. अप्पा म्हणायचे, "बघू नगंस तिकडं. कळलं मला."

कळलं होतं, पण मार्ग दिसत नव्हता. भाड्यानं स्टीलची ताटं आणावीत तर लग्नसराईत अहमदपूरच्या मांडववाल्याकडं एका पंगतीपुरतीही शिल्लक नव्हती. आणि मिळाली असती तरी ती धुवायला पाणी कुठलं? लग्न ऐन उन्हाळ्यातलं, गावात टँकर सुरू झालेला. नवऱ्यानं, म्हणजे तेव्हा होणाऱ्या, किनवटच्या बाजूला पळसाच्या पत्रावळ्यांची चौकशी केली. एवढ्या गावाला पुरतील इतक्या द्यायला कुणी तयार होईना. जे तयार झाले त्यांच्या पत्रावळ्यांना खालून चकचकीत प्लॅस्टिक चिकटवलेलं.

मग मला सप्ताह आठवला. आमच्या मारुतीच्या देवळात सप्ताह बसतो. शेवटच्या दिवशी सगळं गाव जेवायला जातं आणि जाताना प्रत्येकजण घरून आपापलं ताट-तांब्या घेऊन जातो. जेवतो, चूळभर पाण्यात ताट विसळतो, काखेत मारून घरी येतो. कचरा शून्य. यात कुणाला कधी लाज वाटली नाही.

मी अप्पांना म्हटलं, "आवतण देतानाच सांगायचं, येताना ताट-तांब्या घेऊन या."

अप्पांनी पान तोंडात घालायचं सोडून दिलं. "येडी झालीस का? लग्नाला बोलवायचं आन म्हणायचं ताट घिऊन ये? लोक म्हणतील, ह्याच्या घरी ताट बी न्हाई."

"देवाच्या जेवणाला घेऊन जातातच की."

"देवाची गोष्ट येगळी हाय. तिथं देव यजमान असतो. देवाला कोण नावं ठिवणार? हितं मी हाय."

हा पेच आत्यानं बरोबर पकडला. आत्या म्हणजे अप्पांची थोरली बहीण. उदगीरकडं दिलेली, लग्नाच्या आधी महिनाभर येऊन राहिलेली, आणि घरातली खरी मालक. ती गहू निवडता निवडता म्हणाली, "अरे, तुला चूलबंद पायजे, तिला कचरा नगं. दोनी व्हायचं असंल तर हेच हाय. न्हाईतर घरटी एक दे आन बस."

घरटी एक हा शब्द ऐकल्यावर अप्पा उठून रानात गेले. परत आले ते कबूल होऊनच. पण दोन अटी घातल्या. एक, आवतण सांगायला दुसरं कुणी जाणार नाही, ते स्वतः घरोघर जाणार. दुसरी, वऱ्हाडाला ताटाचं बोलायचंच नाही. देवळात थोडी ताटं आहेत, ती मागून आणायची आणि घासूनपुसून फक्त वऱ्हाडाला मांडायची. "इवायाला ताट आणायला लावलं तर मी जित्ता ऱ्हाणार न्हाई." हे मलाही पटलं. काही गोष्टी गायीच्याही वर असतात.

मी फोनवर नवऱ्याला सगळं सांगितलं. गावातली माणसं ताटं आणणार, तुमच्याकडच्यांसाठी देवळातली आहेत, काळजी करू नका. तो म्हणाला, "माझ्या आईला तुमची ही आयडिया लई आवडली." मी म्हटलं, बरं झालं. आणि विसरून गेले.

लग्नाच्या आदल्या दिवशी अप्पा धुतलेलं धोतर नेसून, कुंकवाची वाटी घेऊन निघाले. देवळापासून सुरू करून, भावकी, मग वरची आळी, मग खालची, अगदी ओढ्याकाठच्या मावशीच्या घरापर्यंत. ही मावशी कुणाचीच नात्यानं मावशी नाही. एकटी राहते, दोन शेळ्या सांभाळते, सगळं गाव तिला मावशी म्हणतं. अंधार पडायच्या आत अप्पा परत आले. घसा बसला होता, चेहरा मात्र उजळला होता.

मी विचारलं, "सांगितलं का?"

"हाव."

"सगळ्यांना?"

"आता एकबी घर ऱ्हायलं न्हाई. चुलत्याला तर दोनदा सांगितलं, चूलबंद हाय म्हणून."

आत्यानं त्यांच्याकडं जरा जास्त वेळ बघितलं. पण माझ्या अंगाला हळद लागत होती आणि बायकांची गाणी सुरू झाली होती. तो विषय तिथंच राहिला.

सकाळी उठल्यापासून गव्हाच्या खिरीचा वास सगळ्या घरात. आमच्याकडं बुंदीपेक्षा मोठा मान खिरीचा. घरचाच गहू, गूळही जवळच्या गुऱ्हाळाचा. शिजायला रात्रभर लागते आणि ढवळायला गडी लागतात. मी मायच्या शालूत गुंडाळून बसले होते. त्या शालूचा पन्हा आखूड, आणि मी मायपेक्षा वीतभर उंच. आत्या निऱ्या खाली ओढत होती आणि मला वाकायला सांगत होती. तेवढ्यात माय आत आली. तिचा चेहरा बघून मला वाटलं खीर करपली.

"अगं, माणसं यायलेत."

"मग?"

"हात हालवत यायलेत. एकाच्याबी हातात ताट न्हाई."

आत्यानं निऱ्या सोडल्या. "बोलव त्याला."

अप्पा आले. नवीन पटका, कपाळाला गंध, आणि चेहऱ्यावर शाळेत गृहपाठ न केलेल्या पोराचा भाव. आत्यानं विचारलं, "तू ताटाचं सांगितलास का न्हाई?"

"आवतण सांगितलं की."

"ताटाचं?"

अप्पा खांबाला टेकले. "पयल्या घरी सांगायला गेलो. तोंड उघडलं. जीभच उचलंना, अक्का. म्हणलं दुसऱ्या घरी सांगू. तिथं त्यांनी पाटावर बसविलं, च्या दिला, म्हणाले, पोरीनं नाव काढलं. आता तिथं कसं म्हणावं, ताट घिऊन या?"

"मंग तिसऱ्या घरी?"

"तिसऱ्या घरी वाटलं, आता पयल्या दोघांला सांगितलं न्हाई तर ह्यांलाच कामून."

"आन असं करत करत सगळं गाव झालं."

"हाव."

आत्या आमची बोलायला कधी कमी पडत नाही. त्या दिवशी ती नुसती कपाळावर हात मारून खाली बसली. माय म्हणाली, "आता पोराला सांगून दारोदार निरोप देऊ का?" अप्पा म्हणाले, "मांडवात येऊन बसल्याल्या माणसाला उठवून ताट आणायला धाडायचं? त्यापरीस मला धाडा कुठंतरी."

बाहेरून सनई ऐकू येत होती. त्यात माणसांची गजबज, लेकरांचा दंगा. गाव खरंच आलं होतं. बायका नटूनथटून, म्हातारी माणसं काठ्या टेकत. चूलबंद म्हणजे काय ते मी पहिल्यांदा आमच्याच दारात बघत होते. आणि अप्पा खांबाला टेकून उभे होते, पटका जरासा सुटलेला. एवढी माणसं उपाशी परत गेली किंवा ताटकळत बसली, तर पारावरच्या पिठल्याच्या गोष्टीला नवी गोष्ट जोडली जाणार, हे त्यांना दिसत होतं. मलाही दिसत होतं.

मी भावाला हाक मारली. "गाडी काढ. अहमदपूरला जा. मिळतील त्या पत्रावळ्या घेऊन ये."

"थर्माकोलच्या?"

"मिळतील त्या."

अप्पा म्हणाले, "न्हाई बाई. तुझं एक होतं, ते बी—"

"राहू द्या अप्पा. नंतर मी स्वतः सगळं गोळा करते. ओढ्यावर जाऊ देत नाही." असं म्हटलं खरं, पण कशी करणार होते? मला तर दुपारी सासरी जायचं होतं. भावानं गाडीची चावी घेतली. खिडकीतून मला गाय दिसत होती. मी तिकडं बघितलं नाही.

गाडीला किक बसायला आणि बँजो वाजायला एकच गाठ पडली. वऱ्हाड आलं. अप्पा पटका सावरत धावले, आत्या त्यांच्या मागं, माय आरतीचं ताट घेऊन. मला बाहेर जायची परवानगी नव्हती, म्हणून मी खिडकीतूनच बघत होते. टेंपोचा मागचा फळका उघडला. पहिल्यांदा माझ्या सासूबाई उतरल्या. हिरवं नऊवारी, नाकात नथ, एका हातात स्टीलचं ताट, दुसऱ्या हातात तांब्या. त्यांच्या मागं जावा, नणंदा, मग पुरुष. प्रत्येकाच्या काखेत ताट. नवऱ्याच्या मामाकडं तर दोन होती, एक बहुतेक मामींचं.

अप्पा जिथल्या तिथं थांबले. हात जोडलेले तसेच. "इहीणबाई... हे काय? तुमच्यासाठी देवळातली ताटं काढून ठेवलीत. तुमाला कुणी..."

सासूबाई म्हणाल्या, "कुणी नाही सांगितलं. पोरानं सांगितलं का तुमच्या गावात सगळे आपलं ताट आणून राहिले. मंग म्हणलं आम्ही काय आभाळातून पडलो? आमच्याकडं देवाच्या भंडाऱ्याला असंच जातेत. अन् माझ्या ताटाबिगर मला जेवणच जात नाही."

नवरा घोड्यावरून, म्हणजे सजवलेल्या ट्रॅक्टरवरून, माझ्या खिडकीकडं बघून खांदे उडवत होता. नंतर म्हणाला, मलाच वाटेत टेंपोतून भांड्याचा आवाज आला तेव्हा कळलं, आणि फोन लावावा तर रेंज नव्हती.

सगळं गाव बघत होतं. वऱ्हाडाचा मान केवढा, ते सांगायला नको. वऱ्हाड रुसलं म्हणून उलटलेली लग्नं लोकांनी बघितलीत. ते वऱ्हाड हातात ताटं घेऊन उभं, आणि आम्ही, घरचे, मोकळ्या हातानं बसलेले. मला वाटलं आता अप्पा खालीच बसणार.

तेव्हा पुढच्या रांगेतून भावकीतले चुलत आजोबा उठले. तेच, पिठल्याचे. काठी सावरली, धोतर झटकलं आणि मोठ्यानं म्हणाले, "इवायाच्या हातात ताट आन आपुन हात हालवत? बसलात काय? उठा की." मग अप्पांकडं वळून, "तुला सांगायला काय झालं होतं रं? तोंडात गुळणी धरली होतीस का?"

आणि निघाले घराकडं. त्यांच्या मागं त्यांचे लेक, सुना. मग वरची आळी. मग सगळेच. थोड्या वेळात मांडव रिकामा. वऱ्हाडातल्या कुणीतरी विचारलं, "लग्न मोडलं का काय?" आत्या म्हणाली, "नाही हो, ताटाला गेलेत." भाऊ गाडी बंद करून परत आला होता. तो हसायला लागला, मग मीही. माझं काजळ पसरलं आणि आत्यानं पाठीत एक धपाटा दिला.

लग्न मुहूर्तावर लागलं नाही, त्याला कुणी काही म्हणालं नाही. झेंडूच्या पाकळ्या अंगावर पडल्या. एका म्हातारबुवांनी सवयीनं खिशातून तांदूळ आणले होते, तेही पडले. मग पंगती बसल्या. ताटं किती तऱ्हेची. कुणाचं कडेनं उंच, कुणाचं सपाट, कुणाच्या ताटावर कोरलेलं, अमक्याच्या लग्नात तमक्याकडून सप्रेम भेट. लोक जेवायच्या आधी एकमेकांच्या ताटावरची नावं वाचून जुनी लग्नं काढत होते. चुलत आजोबांनी खीर तिसऱ्यांदा मागितली आणि शेजारी बसलेल्या बायकोला म्हणाले, "खा. उद्यापासून पिठल्याचं बंद." ती म्हणाली, "बघू."

ओढ्यावर काही गेलं नाही. खरकटं होतं ते गायीला, शेळ्यांना. हौदापाशी ताटं विसळताना मात्र घोळ झाला. सगळ्यांनी ताटं एकाच कट्ट्यावर पालथी घातली, आणि लगबगीत ज्याच्या हाताला जे लागलं ते तो घेऊन गेला.

एक गोष्ट तेव्हा नजरेला पडली, पण मनात राहिली नाही. सगळ्यात शेवटच्या पंगतीला अप्पा बसले. त्यांच्यापुढं जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, एका बाजूनं चेमटलेलं, जुनं ताट होतं. आमच्या घरात असलं ताट नाही. अप्पांचं ताट वेगळं, जाड काठाचं, ते दुसऱ्या कुणाला मिळत नाही. मला वाटलं, गर्दीत मायनं हाताला लागेल ते दिलं असेल. तेवढ्यात कुणीतरी फोटोसाठी हाक मारली.

लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आले ती दोन ताटं घेऊन. आमच्या गावची, वऱ्हाडाच्या पिशवीतून इस्लापूरकडं गेलेली. सासूबाईंचंही एक आमच्याकडं राहिलेलं, ते येताना विसरू नको म्हणून त्यांनी मला दोनदा बजावलं होतं. गावात तोपर्यंत ताटांची देवाणघेवाण सुरूच होती. अप्पा रोज काखेत एखादं ताट मारून कुणाकडं तरी जायचे, बदलून आणायचे आणि चहा पिऊन यायचे. ज्या घरांत ताटाचं बोलायला त्यांची जीभ उचलली नव्हती, त्याच घरांत आता ताटाशिवाय दुसरं बोलणं नव्हतं. गावानं लग्नाला नावही ठेवलं होतं, ताटाचं लगीन.

मी आणलेलं एक ताट खालच्या आळीचं निघालं. ते देऊन येताना ओढ्याकाठी मावशी दिसली. अंगणात शेळीला पाला घालत होती. म्हणाली, "ये माय, बस." मला शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी वाढली. वाढली ती अप्पांच्या ताटात. जाड काठाचं. मी ते ताट लहानपणापासून ओळखते.

"मावशी, हे ताट..."

"तुझ्या बापाचं हाय. न्यायचं असंल तर ने. त्यो नेईना."

मग तिनं सांगितलं. लग्नाच्या दिवशी ती सगळ्यात आधी येऊन मांडवात बसली होती. गाव ताटं आणायला उठलं तशी तीही उठली. घरी आली, फळीवरून ताट काढलं. "माझ्याकडं एकच. ते बी चेमटल्यालं. म्हणलं, इवायांच्या पुढं ह्ये काय न्यावं? तुझ्या बापाचीच बेइज्जती. ठिवलं परत. पोटात तर भूक. म्हणलं, दोन मुठी पिठाचं पिठलं टाकावं. चूल पेटविली."

"मग?"

"मंग काय. तुझा बाप आला. मांडवात पंगत चाललीय आन ह्यो गावभर फिरायलाय, कुणाच्या घरून धूर निघतोय का बघत."

गावात आता जवळजवळ सगळ्यांकडं गॅस आहे. धूर निघणारी चूल मावशीचीच. गॅस पेटलेला कुणाला बाहेरून कळला नसता.

"मला काय बोलला न्हाई," मावशी सांगत होती. "चुलीपुढं बसला, लाकडं वढून काढली, पाणी शिपडलं. माझं पिठलं अर्धं कच्चं. मी म्हणलं, अरे काय करायलास? तर काखंतलं हे त्याचं ताट माझ्या हातात दिलं आन माझं काखंत मारलं. म्हणला, चल. तुझी चूल पेटली तर माझं आवतण घरटी एकच ऱ्हातंय."

मी भाकरी संपवली. ताट विसळून तिच्या फळीवर ठेवलं.

घरी आले तेव्हा अप्पा जेवायला बसत होते. मायनं त्यांच्यापुढं जर्मनचं चेमटलेलं ताट ठेवलं. ठेवताना म्हणाली, "ह्येच्यात वरण एका बाजूला पळतंय. दुसरं दिलं तर घेत न्हाईत."

मी विचारलं, "अप्पा, मावशीचं ताट परत द्यायचं नाही का?"

त्यांनी ताट थोडं फिरवलं, चेमटलेली बाजू आपल्याकडं केली म्हणजे वरण तिथं थांबेल. "ती मागंना," ते म्हणाले. "मंग मी बी मागंना."

"आणि तिचं पिठलं?"

"त्ये शेळीनं खाल्लं," अप्पा म्हणाले आणि भात कालवायला लागले.